कर्ज काढून स्टुडिओ, की माजघरात दोन माइक?

वाचकाची अडचण : वय २८. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. वडील भजनी बुवा, वय ६७. चाळीसेक वर्षं पेटीवर बसून गातायत, डबलबाऱ्या (दोन बुवांमधले भजनांचे सामने) केल्यात, स्वतः बांधलेल्या शंभर चाली तोंडपाठ आहेत आणि त्यांतली एकही कुठे नोंदलेली नाही. वाचकाला घरीच स्टुडिओ उभारून या चाली रेकॉर्ड करायच्या आहेत, शिवाय स्वतःची गाणीही करायची आहेत. मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या मित्रानं यादी करून दिली : आठ चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र), मोठा कंडेन्सर माइक, स्टुडिओ मॉनिटर स्पीकरची जोडी, मिडी कीबोर्ड, नवा लॅपटॉप, भिंतींना लावायचा फोम. बेरीज १ लाख ८४ हजार. हातात ६५ हजार. जुन्या कौलारू घरामागे बांधलेली दहा बाय दहाची स्लॅबची खोली स्टुडिओसाठी ठरवून ठेवली आहे. प्रश्न असा : उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढू, की वर्षभर साठवून मग एकदम सगळं घेऊ? वडील म्हणतात, "माका मशीन कित्याक? मी गातंय, तुमी आयका."

उत्तर :

कर्ज काढू नका. आणि वर्षभर थांबूही नका.

आधी स्टुडिओ पुरा होणार आणि मग वडील त्यात येऊन गाणार, असा क्रम तुम्ही मनात धरलाय. पण वडील तर आजही गातायत. पहिला पाऊस झाला की त्यांचा आवाज बसतो आणि दसऱ्यापर्यंत नीट लागत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षातले आठच महिने हाताशी. शंभर चाली, दर रविवारी दोन धरल्या तरी पन्नास रविवार लागतात, म्हणजे जवळपास दीड हंगाम. त्यातला एक हंगाम पैसे साठवण्यात घालवायचा हे मला पटत नाही.

येत्या रविवारपासून फोनवर सुरुवात करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, चार घड्यांच्या टॉवेलवर, वडिलांच्या समोर तीन-चार फुटांवर, स्टुलावर ठेवा. जमिनीवर ठेवू नका, पेटीचे आणि मांडी हलवल्याचे धक्के त्यात येतात. फोनची खोड अशी की भजनातला गजर चढला की तो आवाज आपोआप खाली खेचतो आणि शांत झालं की वर आणतो, त्यामुळे गाण्यातला चढ-उतार सपाट होतो. तरीही चाल शाबूत राहते. नंतर चांगल्या माइकवर तीच चाल पुन्हा घ्या, पण एक प्रत तोवर झालेली असू द्या.

आता मित्राच्या यादीबद्दल. ती चांगली यादी आहे, पण त्याच्या कामाची. त्याच्याकडे आज ढोलकीवाला येतो, उद्या गिटारवाला, परवा चार मुलांचा बँड. तुमची कामं दोन, आणि तीही एकमेकांपासून वेगळी. एक, समोर बसून गाणाऱ्या माणसाचं गाणं पकडणं. दुसरं, एकट्यानं बसून संगणकावर गाणं रचणं. पहिल्याला माइक आणि खोली लागते, दुसऱ्याला कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर. यादीत दोन्ही एकत्र आल्यामुळे आकडा फुगलाय. पहिलं काम आत्ता करा. दुसरं वर्षभर थांबलं तर काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त मी खोलीबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली. स्लॅबची खोली तुम्ही का निवडलीत ते कळतं. ती बंद आहे, स्वतंत्र आहे, दिसायलाही स्टुडिओसारखी करता येईल. पण आज संध्याकाळी एक करा. त्या खोलीत मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि टाळीनंतर काय होतं ते ऐका. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत लादी, बहुतेक 'टण्ण्ण' असा थरथरता आवाज मागे राहील. मग जुन्या घराच्या माजघरात जाऊन तशीच टाळी वाजवा. वर कौलं आणि लाकडी वासे, जाड मातीच्या भिंती, एका कोपऱ्यात भाताची पोती, दुसरीकडे बाजेवर रचलेल्या गोधड्या. तिथे टाळी पडते आणि विरते. हा फरक दहा हजारांचा माइक आणि चाळीस हजारांचा माइक यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे, कारण माइक जितका चांगला, तितकी तो खोलीही स्वच्छ टिपतो.

दहा बाय दहाचा आणखी एक घोटाळा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांची लाट अडकून घुमायला लागते, मग तिची दुप्पट ११२, मग तिप्पट. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच आकडे येतात आणि एकमेकांवर चढतात. पखवाजाची धुमी आणि पुरुषाच्या आवाजातला खर्ज नेमका इथेच कुठेतरी असतो. त्यामुळे काही सूर विनाकारण फुगतात, काही गायब होतात. यावर इंचभर जाडीचा फोम चालत नाही. तो फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो आणि घुमणं तसंच ठेवतो, मग गाणं डब्यात बसून गायल्यासारखं येतं. अंड्यांचे ट्रे तर अजिबात लावू नका. बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत आणि आतला नीट शोषत नाहीत.

म्हणून तुमचा स्टुडिओ माजघरात. वडील तिथेच बसून रियाज करतात, असंही तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांना जागा बदलायचीही गरज नाही. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. माइक समोरून गाणाऱ्याकडे बघतो, म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंतही त्याला दिसते. खाली सतरंजी असेलच. झालं.

कौलारू घराचा तोटाही सांगते. बाहेरचा आवाज थेट आत येतो. पावसात रेकॉर्डिंग विसरा. रात्री नऊनंतर रातकिडे, पहाटे कोंबडा, सकाळी एसटी आणि मिक्सर. माझा कोकणातला अनुभव असा की दुपारी दोन ते चार ही वेळ सोन्यासारखी. गाव जेवून आडवं झालेलं असतं. तेवढ्या वेळात पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, पण परत लावायची आठवण म्हणून मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. हे मी वर्षानुवर्षं करत आले आहे.

आता सामान.

आवाजासाठी एक डायनॅमिक माइक घ्या. श्युअरचा एसएम५८ तुमच्या वडिलांनी शेकडो वेळा हातात धरलेला असेल, तो १९६६पासून बाजारात आहे आणि साधारण दहा हजारांत येतो. कंडेन्सर माइक जास्त नाजूक टिपतो हे खरं, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, दमट हवेत तो जपावा लागतो, आणि तो लांबचंही उत्साहानं टिपतो : शेजारचा रेडिओ, पोपट, सगळं. डायनॅमिकला जवळ बसावं लागतं आणि तोच तुमचा फायदा आहे. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. तोंडापासून वीतभर अंतरावर माइक असेल तर खोली आणि गाव आपोआप मागे पडतात. चार बोटांच्या आत मात्र येऊ देऊ नका, खर्ज फुगतो.

आणि माइक तोंडाच्या अगदी नाकासमोर न धरता थोडा बाजूला, तिरका ठेवा. भजनात 'पंढरी', 'भक्ती', 'भाव' हे शब्द पावलोपावली येतात. आपले प, फ, भ हवेचा झोत घेऊन येतात आणि माइकवर 'भप्प' असा धक्का बसतो. तळहात तोंडासमोर धरून 'भक्त' म्हणून बघा, झोत कुठे लागतो ते कळेल. माइक त्या झोताच्या वाटेतून हटवला की निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी भरतकामाच्या रिंगवर बायकांच्या नायलॉन मोज्याचं कापड ताणून मधे लावा. विकतचा पॉप फिल्टर हेच करतो.

दुसरा माइक पेटीसाठी. इथे छोटा कंडेन्सर चालेल, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२०च्या दर्जाचा, आठ-दहा हजारांतला. तो कुठे ठेवायचा हे सांगायला मी उत्सुक आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका ज्येष्ठ पेटीवादकाचं दीड तासाचं वादन घेताना गायकासमोर ठेवतात तसा माइक पेटीच्या समोर, श्रोत्यांच्या बाजूला ठेवला. भाता त्याच बाजूला असतो. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक सुरामागे 'फस्स, फस्स'. ते काढून टाकायला अजून कुठलंही सॉफ्टवेअर मला पुरलेलं नाही. म्हणून माइक वरून, वाजवणाऱ्याच्या बाजूनं, पट्ट्यांपासून फूट-दीड फूट उंचावर, भात्यापासून लांब. आणि एक हिशेब पाळा : तोंडाचा माइक तोंडापासून वीतभर असेल, तर पेटीचा माइक तोंडापासून निदान तीन वितींवर असावा. तोच आवाज दोन माइकमध्ये सारख्याच जोरानं पण थोडा मागेपुढे पोहोचला की एकत्र केल्यावर तो पोकळ वाटतो.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

इंटरफेस दोन माइकचा पुरे. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू किंवा त्या वर्गातला दुसरा कुठलाही, दहा ते पंधरा हजार. विकत घेताना खरोखर दोन माइकची तोंडं आहेत का ते बघा, काही स्वस्त मॉडेलवर एक माइकचं आणि एक वाद्याचं असतं. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा आणि विसरून जा. पातळी लावताना मात्र घाई नको. बुवा सुरुवातीला हळू गातात आणि गजर टिपेला जातो. तुम्ही पहिल्या ओळीवर बटण लावाल तर शेवटी आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. त्यांना आधी गजराचा सगळ्यात चढा भाग गायला सांगा, तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण लावा. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडल्यानं काहीही गमावत नाही.

आठ चॅनेल तुम्हाला पूर्ण भजनी मंडळ रेकॉर्ड करण्यासाठी हवे आहेत, हे समजलं. पण त्याआधी विचार करा की १९०२ साली कोलकात्यात एका हॉटेलच्या खोलीत गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा माइक नव्हताच, एक कर्णा होता. त्या काळात सगळा तोल माणसं मागेपुढे बसवून साधायचे. मोठा आवाज मागे, नाजूक आवाज पुढे. तुम्हीही तेच करा. एक माइक बुवांना, दुसरा मंडळाला. पखवाज सहा-सात फुटांवर, झांज आणि चकी त्याच्याही मागे, शक्यतो दाराजवळ. झांज पुढे आली तर बाकी सगळं झाकते. एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका, माणूस हलवा, पुन्हा ऐका. तासभर जाईल, पण एकदा बसलेल्या जागांवर जमिनीला खडूनं खुणा केल्या की पुढच्या वेळी पाच मिनिटांत होतं. मंडळाला हेडफोन लावायला किंवा मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवायला सांगू नका. गजराची लय चढायलाच हवी, ती टिकटिकीला बांधली तर भजन उरत नाही.

हेडफोन एकच, तुमच्यासाठी, कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा. सहा-सात हजारांत चांगला येतो. मॉनिटर स्पीकर आत्ता नकोत. चौरस खोलीत ते खोलीचाच आवाज तुम्हाला ऐकवतील आणि तुम्ही नसलेल्या चुका दुरुस्त करत बसाल. लॅपटॉप तर अजिबात नवा नको. तुमचा चार वर्षांचा, ८ जीबीचा लॅपटॉप दोन माइकला भरपूर आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवानाही परवडतो.

दोन बूम स्टँड (आडव्या दांड्याचे) घ्या, खाली बसून गाणाऱ्यापर्यंत पोहोचतील असे. इथे पैसे वाचवू नका. हलका स्टँड माइकसकट पेटीवर पडतो. माइकच्या दोन चांगल्या एक्सएलआर केबल आणि एक जादा, कारण केबल हमखास मंडळ जमल्यावरच दगा देते. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. हे सगळं मिळून साधारण ५५ हजारांत बसतं. भाव मागेपुढे होतील, त्यासाठीच उरलेले दहा हजार आहेत. जुन्या सामानाचं म्हणाल तर डायनॅमिक माइक आणि स्टँड जुने घ्यायला हरकत नाही, स्वतः गाऊन तपासून. जुना कंडेन्सर मात्र दमट किनारपट्टीवरून घेऊ नका. हजार-बाराशेत माइक, स्टँड, साउंड कार्ड सगळं देणारे संच दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते पैसे केबलला द्या.

विजेचं राहिलं. हेडफोनमध्ये 'हूंऽऽ' असा घुमारा आला तर माइकला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेकदा तिथेच थांबतो. जुन्या घरात तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसतं, सॉकेट असतं पण तार कुठेच गेलेली नसते. वायरमनकडून ते एकदा करून घ्या. इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, लॅपटॉपच्या बॅटरीवर करा. तुमचा इंटरफेस यूएसबीवरच चालेल, त्याला वेगळा प्लग लागत नाही.

तुमच्या स्वतःच्या गाण्यांसाठी पुढच्या वर्षी २५ पट्ट्यांचा लहान मिडी कीबोर्ड घ्या, पाच-सात हजारांचा. मिडी कीबोर्डमधून आवाज निघत नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढाच निरोप संगणकाला जातो, त्यामुळे महागड्या कीबोर्डनं गाणं जास्त गोड होत नाही. तोवर वडिलांचं रेकॉर्डिंग करता करता तुमचा कान तयार होईल. ते शिक्षण तुम्हाला कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांनाही थोडं सांगते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये माजघर नसतं, पण कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि गादी असते. त्या कपाटाकडे पाठ करून गा. एकट्यानं गाणाऱ्याला किंवा पॉडकास्ट करणाऱ्याला एकच माइक, एक हेडफोन आणि लहान इंटरफेस पुरतो, तीस हजारांच्या आत. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये ही तुमची काळजी असेल तर लक्षात घ्या की गोधडी आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, आवाज बाहेर जाणं थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंत आणि बंद फटी लागतात. भाड्याच्या घरात त्यापेक्षा शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घेणं स्वस्त पडतं.

शेवटी वडिलांबद्दल. "माका मशीन कित्याक" या वाक्यात नकार आहे असं तुम्ही मानलंत. मला तसं वाटत नाही. ते सांगतायत की त्यांना ऐकणारा माणूस समोर हवा. मग मशीन सुरू करून खोलीबाहेर जाऊ नका. हेडफोन मानेवर ठेवून त्यांच्या समोर मांडी घालून बसा, टाळ हातात घ्या. प्रत्येक चालीआधी त्यांना विचारा : ही कधी बांधली, कोणत्या बारीसाठी, कोणाच्या चालीवरून सुचली, पट्टी काळी चार की काळी पाच. ते बोलणंही रेकॉर्ड होऊ द्या. मग फाइलला तारीख, चालीचं नाव, पट्टी आणि ताल अशी नावं द्या, नाहीतर सहा महिन्यांनी 'ट्रॅक ४७' म्हणजे काय ते कुणालाच सांगता येणार नाही. दोन माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक जीबी होतं. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. मुंबईतल्या मित्राकडे ही तिसरी प्रत ठेवा, त्याला मदत करायचीच आहे.

पहिल्या रविवारचं फोनवरचं रेकॉर्डिंग मलाही पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे आवाज दाबला जाणार नाही. माजघराचा एक फोटोही जोडा, पोती कुठे आहेत ते दिसेल असा. गोधडी कुठे टांगायची ते बघून सांगते.